बांगड्या तारण ठेवून कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं इथल्या एका स्टुडिओबरोबर लग्नाच्या ऑर्डरींना जातो. त्याच्याकडे जुना निकॉन डी ७५० आहे. आता त्याच कंपनीचा नवा झेड ६ थ्री घ्यायचा म्हणतो, त्यासाठी माझ्या बांगड्या तारण ठेवू या म्हणतो. पण याच कॅमेऱ्याला निम्मे फोटोग्राफर डोक्यावर घेतात आणि निम्मे म्हणतात, जुनाच बरा होता. जाणत्यांचंच एकमत नाही, अशा धंद्यात मुलाला घालावं का?
– एक आई, सांगली जिल्हा

नमस्कार ताई,

धंद्यात जाऊ द्या. बांगड्या मात्र आत्ता काढू नका.

आधी त्या एकमताचं बोलू. हा कॅमेरा १७ जून २०२४ ला जाहीर झाला. त्याच्या आधीचा झेड ६ टू २०२० चा. मेगापिक्सेल होते तेवढेच आहेत, २४.५. बदलला आहे तो सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी चकती. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला वेगवान सर्किट बसवलंय, त्यामुळे चित्र साडेतीन पट लवकर वाचलं जातं असं कंपनी सांगते. पळतं-उडतं टिपणारे त्यावर खूश आहेत. पण कमी आयएसओला (उजेड कमी असेल तसा कॅमेऱ्यात वाढवायचा आकडा म्हणजे आयएसओ) काढलेल्या फोटोतला काळोखा भाग एडिटिंगमध्ये खूप उचलला, तर त्यात आधीच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त दाणे दिसतात. पहाटेचे डोंगर टिपणारा त्यामुळे नाराज आहे. आयएसओ वाढवला की हा फरक जवळजवळ उरत नाही. ताई, दोघंही खरंच बोलतायत. एकच बियाणं काळ्या रानात आणि माळावर सारखं येत नाही, तसं आहे हे.

आता तुमच्या मुलाचं रान बघा. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत मुंडावळ्यांआडचे नवरीचे डोळे फोकसमध्ये सापडले पाहिजेत. कार्यालयात उजेड बेताचा, आयएसओ हजाराच्या वर गेलेला. म्हणजे काळोख्या भागाची ती तक्रार त्याला फारशी लागूच होत नाही. उलट शटर पूर्ण दाबायच्या आधीच्या एका सेकंदातले फोटोही हा कॅमेरा जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, राखून ठेवू शकतो. अंतरपाटाच्या वेळी ते सोन्यासारखं आहे. मेगापिक्सेल वाढले नाहीत ही ओरडही त्याने मनावर घेऊ नये. फोटो ६०४८ × ४०३२ पिक्सेलचा येतो. करिझ्मा अल्बमच्या, म्हणजे लग्नाच्या छापील फोटो-पुस्तकाच्या, १२ × १८ इंची पानावर इंचाला ३३६ पिक्सेल मिळतात आणि चांगल्या छपाईला ३०० पुरतात.

तेव्हा कॅमेरा त्याच्या कामाचा आहे, मुलाची पारख चुकलेली नाही. हे त्याला जरूर सांगा.

पण खर्च बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, थांबत नाही. २०२४ मध्ये बाजारात आला तेव्हा बॉडीच अडीच लाखांच्या घरात होती. डी ७५० च्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला थेट बसत नाहीत, मध्ये एफटीझेड नावाचा अडॅप्टर लागतो, आणि त्या अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. त्याच्या बॅगेतल्या लेन्स एकदा काढून त्यावरची अक्षरं वाचायला सांगा. ‘एएफ-एस’ असेल तर चालून जाईल. जुनी ‘एएफ-डी’ असेल, तर आज जी लेन्स आपोआप फोकस करते ती उद्या हाताने फिरवावी लागेल, तीही ऐन अक्षता पडताना! म्हणजे लेन्सही नव्या आल्या. फोटो साठवायच्या मेमरी कार्डाची एक खाच नेहमीच्या एसडी कार्डाची आहे, दुसरी सीएफएक्सप्रेस नावाच्या वेगवान कार्डाची, आणि ही दुसरी कार्डं महाग असतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हप्त्याची. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. ऑर्डर नाही, पैसा नाही, आणि सोन्यावरचं व्याज मात्र चालूच. दुसऱ्याच्या स्टुडिओत दिवसाच्या मजुरीवर जाणाऱ्या मुलाला हे चार महिने फार जड जातात.

त्याने असं करावं. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या ऑर्डरीला हा कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणावा, पुण्यात मिळतात. काही विधी डी ७५० वर टिपावेत, काही नव्यावर. मग घरच्यांनी अल्बमसाठी जे फोटो निवडले, त्यातले कुठल्या कॅमेऱ्याचे किती, ते मोजावं. पैसे देणारं गिऱ्हाईक काय निवडतं, ते त्यातून कळेल. तोवरच्या मोकळ्या महिन्यांत एडिटिंग आणि अल्बम डिझाइनवर हात बसवावा. त्या कामाला मुहूर्त लागत नाही.

बी.कॉम. सोडू देऊ नका. पदवी असली तर पुढे एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, त्याची प्रवेश परीक्षा असते.

आणि ऑर्डरी आता स्वतःच्या नावावर घ्यायला लागू दे. येत्या सीझनच्या पाच ऑर्डरींचा बयाणा त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाला, की मला पुन्हा लिहा. लेन्सची यादी आणि भाड्याच्या कॅमेऱ्यावरचे फोटोही बरोबर पाठवा. बांगड्यांचं तेव्हा आपण तिघं मिळून ठरवू.