मेडिकल स्कूलच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये नामांकित डॉक्टरांचं नाव घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी चालू आहे, घर इंदूरला, यूकॅसमधून (ब्रिटनच्या विद्यापीठांची सामाईक प्रवेश-अर्ज व्यवस्था) तिथल्या मेडिकल स्कूलांना अर्ज करायचा आहे. शहरातल्या एका फार नावाजलेल्या हृदयशल्यचिकित्सकांकडे ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे सोबत राहून त्यांच्या कामाचं निरीक्षण, झाली आहे आणि त्यांचं नाव पहिल्याच ओळीत यावं असं बाबांचं म्हणणं आहे.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जात स्वतःविषयी जे लिहायचं असतं त्यात, नाव घालू नका. सरांच्या नावाला योग्य जागा आहे, ती खाली सांगतो.

आधी अक्षरांचा हिशोब बघा. २०२६ च्या प्रवेशांपासून यूकॅसचा सलग निबंध गेला आणि तीन प्रश्न आले: हाच विषय का, शिक्षणातून तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून; प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. नाव, पदव्या, पद, पुरस्कार आणि हॉस्पिटल इंग्रजीत लिहिलं की सहज शंभर अक्षरं जातात. तेवढ्यात तुम्ही काय पाहिलंत हे सांगणारं एक चांगलं वाक्य बसलं असतं.

शिवाय इंदुरात ज्या नावाने दारं उघडतात ते नाव तिथल्या निवड समितीने बहुधा ऐकलेलंही नसतं. ऐकलं असलंच तर ‘ही संधी ओळखीतून मिळाली का’ ही शंका येते. ब्रिटनमधल्या मेडिकल स्कूलांना हे पक्कं ठाऊक आहे की मोठ्या डॉक्टरांजवळ उभं राहायला सगळ्यांना मिळत नाही; म्हणून वृद्धाश्रमातली सेवा किंवा घरच्या आजारी माणसाची शुश्रूषाही तिथे अनुभव म्हणून धरतात. विचारतात ते एवढंच, की त्यातून तुम्हाला काय कळलं.

आपल्याकडे शाळेच्या प्रोजेक्टवर ‘अंडर द एबल गायडन्स ऑफ’ लिहायची सवय लागते आणि ती इथे नडते. ‘डॉ. अमुक यांच्या मार्गदर्शनाखाली बायपास पाहण्याचं भाग्य लाभलं’ या वाक्यात सगळं सरांचं आहे, तुमचं काहीच नाही. त्याऐवजी असं काही लिहिता येईल: ‘शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जन रुग्णाच्या मुलाला धोके समजावत होते. तो मान डोलवत होता. पण ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायला लावल्यावर लक्षात आलं, की स्टेंट आणि बायपास तो एकच समजत होता. संमतीपत्रावर सही झाली म्हणजे समजलंच असं नाही.’ अर्थात प्रसंग तुम्ही खरोखर पाहिलेलाच हवा; मुलाखतीत त्यावर खोदून विचारतात. सरांसाठी ‘इंदूरमधले एक कन्सल्टंट हृदयशल्यचिकित्सक’ एवढा उल्लेख पुरतो.

एका धोक्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, तो रुग्णाच्या गोपनीयतेचा. डॉक्टरांचं नाव, हॉस्पिटल, महिना आणि एखादा दुर्मीळ आजार एकत्र आले, की रुग्णाचं नाव न लिहिताही तो कोण हे ओळखता येतं. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीकडून हे झालं तर परीक्षक ते गंभीरपणे घेतात, आणि घ्यायलाच हवं. डॉक्टरांचं नाव काढलं की हा धोका बराच कमी होतो.

अपवाद एकच मानतो: त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलं असेल, म्हणजे शोधनिबंधात किंवा पोस्टरवर तुमचंही नाव असेल, तर मार्गदर्शक म्हणून एकदा आडनाव द्या. पदव्या नकोत. आणि त्या कामातला तुमचा वाटा त्याच वाक्यात सांगा: नोंदी गोळा केल्या की तक्ते केले, जे असेल ते.

आता नावाची जागा. यूकॅसला शाळेकडून एक रेफरन्स, म्हणजे विद्यार्थ्याविषयीचं शाळेचं निवेदन, जातो. त्याचे तीन भाग असतात: शाळेची माहिती, विद्यार्थ्याची काही विशेष परिस्थिती असल्यास ती, आणि तिसऱ्यात विद्यार्थ्याविषयी आणखी उपयोगी माहिती. ऑब्झर्व्हरशिपची खात्री करून शाळेतले सर किंवा मॅडम या तिसऱ्या भागात डॉक्टरांचा उल्लेख करू शकतात. त्यासाठी डॉक्टरांकडून लेटरहेडवर साधं पत्र घ्या: कोणत्या तारखा, एकूण किती तास, कोणता विभाग, फक्त निरीक्षण की आणखी काही. कौतुकाची विशेषणं त्यात नसली तरी चालतील. नाव वापरण्याची परवानगीही तेव्हाच मागा.

अमेरिकेचा विचार असेल तर अर्जाची रचना वेगळी आहे. एएमकासमध्ये, म्हणजे तिथल्या मेडिकल स्कूलांच्या सामाईक अर्जात, निबंधाला ५,३०० अक्षरं मिळतात. शिवाय अनुभवांच्या १५ पर्यंत नोंदी, प्रत्येकी ७०० अक्षरांच्या, आणि त्यातच संपर्क-व्यक्तीचं नाव द्यायची सोय असते. नाव तिथे येतंच, निबंधात परत कशाला? तिथे एक पेच मात्र आहे. निबंधात ज्यांचा गौरव केला त्यांचं शिफारसपत्र अर्जात नसेल, तर ते का नाही असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. आणि तुम्हाला जेमतेम ओळखणाऱ्या मोठ्या माणसाच्या चार ओळींपेक्षा वर्षभर शिकवलेल्या प्राध्यापकाचं तपशीलवार पत्र कितीतरी जड असतं.

बाबांना सांगताना हाच मुद्दा पुढे करा: नाव गाळत नाही, रेफरन्समध्ये देतो आहोत. वैद्यकशास्त्राच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या वेळेने संध्याकाळी ६, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. रेफरन्स जोडल्याशिवाय शाळेमार्फतचा अर्ज पुढे जात नाही, म्हणून डॉक्टरांचं पत्र सप्टेंबर उजाडायच्या आत शाळेत नेऊन द्या.