वाचकांचे प्रश्न : कामांची यादी आपल्याच सर्व्हरवर

विकुन्या हे कामांच्या नोंदी ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर आपल्याच कार्यालयातल्या संगणकावर चालवता येतं. कोणाचं काम कुठवर आलं, कशाची मुदत कधी, कोणत्या कामाला कोणती फाइल जोडली आहे, हे सगळं त्यात राहतं आणि मासिक वर्गणी भरावी लागत नाही. ते बसवताना आलेल्या अडचणींची पत्रं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सेटिंगची नावं आम्ही देवनागरीत छापतो, फाइलमध्ये मात्र ती रोमन अक्षरांतच लिहायची. डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र डब्यात चालवणारं साधन, आणि त्या डब्यांची सेटिंग लिहायची ती कंपोज फाइल. या फाइलमध्ये आधी विकुन्या, मग विभागाचं नाव, मग सेटिंगचं नाव, मधे अंडरस्कोर आणि सगळी अक्षरं कॅपिटल, अशी त्यांची रचना असते.

प्रश्न : उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. ऑफिसच्या संगणकावर डॉकरमधून विकुन्या बसवलं. त्या संगणकावर ते छान चालतं, पण सुपरवायझरच्या मोबाइलवर पान उघडतं आणि लॉगिन होत नाही. शिवाय संगणक बंद करून चालू केला की सगळे लॉगआउट होतात. ड्रॉइंगचा फोटो जोडायला गेलं तर अपलोड होत नाही. सॉफ्टवेअरच सदोष आहे का?

उत्तर : सॉफ्टवेअर ठीक आहे. तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि तिन्ही सेटिंगमधली आहेत.

लॉगिनचं आधी बघू. सर्व्हिस विभागात पब्लिकयूआरएल नावाचं सेटिंग असतं. बहुतेक जण नमुना फाइल उतरवून घेतात आणि तिथे लोकलहोस्ट तसंच राहू देतात. लोकलहोस्ट म्हणजे ज्या यंत्रावर पान उघडलं आहे तेच यंत्र. मोबाइलवर पान उघडलं की ते मोबाइललाच सर्व्हर समजून त्याच्याकडे लॉगिन मागायला जातं आणि तिथे काहीच नसतं. आधी राउटरमध्ये जाऊन त्या संगणकाला कायमचा आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे राउटर बंद-चालू झाला तरी पत्ता बदलणार नाही. मग पब्लिकयूआरएलमध्ये आधी http://, मग तो पत्ता, पुढे कोलन, ३४५६ हा पोर्ट आणि शेवटी तिरकी रेघ असं लिहा. ऑफिसमधल्या प्रत्येकाने, सर्व्हरपाशी बसणाऱ्यानेसुद्धा, याच पत्त्यावरून आत यायचं. ईमेलमधून जाणारे दुवेही यावरूनच तयार होतात, म्हणून हे सेटिंग पहिल्याच दिवशी पक्कं करावं.

लॉगआउटचं कारण जेडब्ल्यूटी सीक्रेट हे सेटिंग, म्हणजे दिलेले प्रवेश खरे आहेत का हे ज्यावरून तपासलं जातं ते गुपित. ते रिकामं ठेवलं तर सर्व्हर दर वेळी सुरू होताना नवं गुपित बनवतो आणि जुन्या गुपितावर दिलेले सगळे प्रवेश रद्द होतात. तिथे तीस-चाळीस अक्षरांची कोणतीही अर्थहीन ओळ एकदा भरा आणि पुन्हा तिला हात लावू नका.

फोटोबाबत आधी एरर बघा. ४१३ हा आकडा दिसत असेल तर अडवणूक विकुन्याची नाही, तुम्ही विकुन्याच्या पुढे लावलेल्या एनजिनएक्सची (विनंत्या आधी स्वतः घेऊन विकुन्याकडे पाठवणाऱ्या वेब सर्व्हरची) आहे. तो मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही आणि मोबाइलवरचा फोटो सहज ४-५ एमबीचा असतो. एनजिनएक्समध्ये क्लायंट मॅक्स बॉडी साइझ २५ एमबी करा. विकुन्याची स्वतःची मर्यादा २० एमबी आहे, ती फाइल्स विभागातल्या मॅक्ससाइझने वाढते. ४१३ दिसत नसेल आणि लॉगमध्ये परमिशन नाकारल्याचा उल्लेख असेल, तर फाइल्सचा फोल्डर रूट या मुख्य प्रशासक वापरकर्त्याच्या नावावर तयार झालेला आहे. कंटेनरमधला विकुन्या १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, म्हणून फोल्डरची मालकी १००० ला द्या. डेटाबेस एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा) असेल तर त्याच्या फोल्डरचीही द्या.

एक सावधगिरी. इंटरनेटवरच्या बऱ्याच जुन्या मार्गदर्शिकांत एपीआय (मागे काम करणारा भाग) आणि फ्रंटएंड (समोर दिसणारं पान) असे दोन कंटेनर दाखवलेले असतात. आता दोन्ही एकाच कंटेनरमध्ये येतात. दोन कंटेनर मांडणारी मार्गदर्शिका दिसली की ती सोडून द्या. अर्धी जुनी, अर्धी नवी फाइल तयार झाली की चूक शोधण्यात दिवस जातो.

प्रश्न : आमची शाळा खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी भागात आहे. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर विकुन्या चालवतो. पावसाळ्यात वीज सारखी जाते. आली की कधी सगळं नीट सुरू होतं, कधी सर्व्हर मिळतच नाही. एकदा सर्व्हर मिळाला, पण लॉगिनच्या वेळी मोबाइलवरचा सहा अंकी कोड चालेना. काय करावं?

उत्तर : तुमच्या भागात चार महिने वीज जाणार हे गृहीत धरूनच मांडणी करायला हवी.

डेटा मेमरी कार्डवर असेल तर आधी तो तिथून काढा. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड खराब होतं, आणि डेटाबेस तर सतत लिहीत असतो. यूएसबीला लहान एसएसडी जोडा आणि पाय तिच्यावरूनच सुरू होऊ द्या. पाय ४ ला ३ अँपिअरचा चांगला पॉवर सप्लाय द्या. मोबाइलच्या चार्जरवर पाय सुरू होतो, पण एसएसडीचा भार आला की व्होल्टेज पडतं. ऑफिसात असतो तसा साधा यूपीएस घेतला तरी पाय आणि राउटर मिळून त्यावर बराच वेळ चालतात, कारण दोघांची भूक फार कमी असते. राउटर यूपीएसवर घ्यायला लोक विसरतात.

विजा कडाडू लागल्या की प्लग काढलेला बरा. फायबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण खांबावरून येणाऱ्या केबलीत आधाराला बहुधा पोलादी तार असते आणि राउटरचा अडॅप्टर तर विजेच्याच लाइनवर असतो.

आता सर्व्हर कधी मिळतो, कधी नाही याबद्दल. तुम्ही पोस्टग्रेस हा वेगळ्या कंटेनरमध्ये चालणारा डेटाबेस वापरत असाल. वीज आल्यावर पोस्टग्रेस आधी स्वतःच्या नोंदी तपासून दुरुस्त करतो. तेवढ्यात विकुन्या त्याला हाक मारतो, उत्तर मिळत नाही आणि तो बंद पडतो. कंपोज फाइलमध्ये डिपेंड्स ऑन (कोणता कंटेनर आधी सुरू व्हावा हे सांगणारी ओळ) लिहिलं असेल तर त्याचा उपयोग फक्त तुम्ही स्वतः कंपोजचा आदेश देता तेव्हा होतो. यंत्र आपोआप सुरू झालं तर डॉकर तो क्रम पाळत नाही. म्हणून दोन्ही कंटेनरना रिस्टार्ट : अनलेस-स्टॉप्ड द्या, म्हणजे विकुन्या पडला तरी पुन्हा उठेल आणि तोवर डेटाबेस तयार झालेला असेल. दहा-पंधरा जणांच्या शाळेला पोस्टग्रेसची गरज नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. एसक्यूलाइट पुरतो आणि हा गुंताच राहत नाही.

सहा अंकी कोडचं कारण घड्याळ. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. सुरू झाल्यावर तो इंटरनेटवरून वेळ घेतो. वीज आली पण इंटरनेट आलं नाही, तर तो मागच्याच वेळेत अडकून राहतो. कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे सर्व्हर आणि मोबाइल यांच्या वेळेत काही मिनिटांचा फरक पडला की कोड जुळत नाही. डीएस ३२३१ या चिपचं छोटं घड्याळ पायच्या पिनांवर बसतं आणि स्वस्तात मिळतं. ते बसवा.

प्रश्न : निपाणीत माझं कर सल्लागाराचं कार्यालय आहे. जीएसटीच्या मुदतींची आठवण विकुन्यात लावली. सकाळी ९ ची आठवण दुपारी अडीचला आली. आणि दर महिन्याच्या २० तारखेचं काम कधी १९, तर कधी २१ तारखेला दिसतं.

उत्तर : ९ आणि अडीच यांत साडेपाच तासांचं अंतर आहे, तेवढंच ग्रीनविच आणि आपल्या वेळेत. टाइम झोन दिला नाही तर विकुन्या ग्रीनविच वेळ धरतो. सर्व्हिस विभागात टाइमझोन एशिया/कोलकाता लिहा. एवढ्यावर थांबू नका. ज्यांची खाती आधीच उघडली आहेत त्यांनी आपापल्या खात्याच्या जनरल सेटिंग्जमध्ये जाऊन तिथलाही टाइम झोन बघावा.

तारीख सरकण्याचं कारण असं, की तुम्ही काम ‘दर ३० दिवसांनी’ लावलं आहे. २० जानेवारीनंतर ३० दिवसांनी १९ फेब्रुवारी येते आणि त्यानंतर ३० दिवसांनी २१ मार्च (लीप वर्ष नसेल तर). जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्रासाठी २१ तारीख म्हणजे विलंब शुल्क. पुनरावृत्तीच्या पर्यायांत ‘मंथली’ निवडा, म्हणजे तारीख तीच राहते. महिन्याचं विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येक अशिलासाठी जीएसटीआर-१ ला ११ आणि ३बी ला २० अशी दोन वेगळी कामं ठेवा.

तिथेच आणखी एक पर्याय दिसेल : पुढची तारीख काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजायची. करांच्या कामांना तो कधीही लावू नका. तुम्ही ३बी १४ तारखेला भरलं तर पुढची मुदत १४ पासून मोजली जाईल. जनरेटरचं ऑइल बदलण्यासारख्या कामाला मात्र तोच योग्य, कारण तिथे मागच्या वेळी केव्हा बदललं यालाच महत्त्व असतं.

आठवणही ठरावीक तारखेची लावू नका, ‘ड्यू डेटच्या ३ दिवस आधी’ अशी लावा. काम पुढच्या महिन्यात गेलं की ती सोबत पुढे जाते.

ईमेल मुळीच येत नसेल तर मेलर या ईमेल पाठवण्याच्या विभागात एनेबल्ड ट्रू आहे का बघा, कारण मुळात ते बंद असतं. पोर्ट ५८७ ला फोर्स-एसएसएल बंद आणि ४६५ ला चालू ठेवायचं. याची उलटापालट झाली की सर्व्हर बराच वेळ थांबून टाइमआउट देतो. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. मग टेस्टमेल हा आदेश स्वतःच्या पत्त्यासह चालवा. त्यात येणारी त्रुटी वाचली की पासवर्ड चुकला आहे की पोर्ट, ते लगेच समजतं.

प्रश्न : शहापूरला आमचा छापखाना आहे. मराठी आणि कन्नड अशी दोन्ही कामं असतात. काही कामांची नावं विकुन्यात विचित्र दिसतात आणि समोर दिसणारं नाव शोधलं तरी सापडत नाही.

उत्तर : विचित्र म्हणजे नेमकं कसं, यावर उपाय ठरतो.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग असेल तर डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट चुकला आहे. मारियाडीबी हा डेटाबेस असेल तर तो कॅरॅक्टर सेट युटीएफ८एमबी४ करा. आधीची प्रश्नचिन्हं झालेली नावं परत येत नाहीत, ती नव्याने लिहावी लागतील. रिकाम्या चौकोनी डब्या दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या मोबाइलवर किंवा संगणकावर तो फाँट नाही. आणि इंग्रजी अक्षरं व चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर कोणीतरी श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फाँटमधला मजकूर कॉपी करून चिकटवला आहे. त्या पद्धतीत अक्षराचा फक्त आकार देवनागरी किंवा कन्नड असतो, आतला संकेत रोमनचाच राहतो. पानाच्या मांडणीसाठी ते फाँट खुशाल वापरा, पण विकुन्यात चिकटवण्याआधी कन्व्हर्टरने मजकूर युनिकोड करून घ्या.

न सापडण्याचं कारण जास्त बारीक आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध आतले संकेत जुळवून पाहतो आणि ते जुळत नाहीत. ‘व्यापाऱ्यांची डायरी’ एकाने एका पद्धतीने लिहिली आणि दुसऱ्याने दुसऱ्या, की शोधणारा हात हलवत परततो. अंकांचंही तसंच आहे. जॉब नंबर एकाने मराठी अंकांत, दुसऱ्याने कन्नड अंकांत आणि तिसऱ्याने इंग्रजी अंकांत लिहिला तर सर्व्हरच्या लेखी ते तीन वेगळे नंबर आहेत.

जॉब नंबर सर्वांनी इंग्रजी अंकांतच लिहायचा, एवढा एकच नियम छापखान्यात लावा आणि शोध नंबरानेच घ्या. गिऱ्हाइकाच्या नावासाठी लेबल वापरा. ते एकदा तयार केलं की पुढे यादीतून निवडायचं असतं, त्यामुळे टंकण्यातला फरक उरत नाही. लेबलमध्ये मराठी आणि कन्नड अशी दोन्ही नावं शेजारी लिहिली तर दोन्हीकडच्या कामगारांची सोय होते.

प्रश्न : चिकोडीहून बाहेर असताना कार्यालयातला सर्व्हर मोबाइलवर उघडत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला आहे, म्हणजे बाहेरून आलेली विनंती सर्व्हरकडे वळवली आहे.

उत्तर : राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट देणाऱ्याने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे आणि तुमच्या पोर्ट फॉरवर्डपर्यंत कोणी पोहोचूच शकत नाही. टेलस्केल किंवा तत्सम व्हीपीएन (इंटरनेटवरून आपल्याच यंत्रांना जोडणारं खासगी जाळं) सर्व्हरवर आणि प्रत्येक मोबाइलवर घाला, आणि पब्लिकयूआरएलमध्ये व्हीपीएनमधलं नाव लिहा. पत्ता खरोखर तुमचा असला तरी आम्ही हाच मार्ग सुचवू. डॉकरने उघडलेले पोर्ट उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला न जुमानता उघडे राहतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. काहीही असो, कोणालाही स्वतःहून खातं उघडू देणारं एनेबलरजिस्ट्रेशन फॉल्स करून ठेवा आणि नवी खाती सर्व्हरवरूनच आदेशाने उघडा.

प्रश्न : बेळगावात आमची पतसंस्था आहे. बॅकअप म्हणून डेटाबेसची फाइल रोज रात्री पेन ड्राइव्हवर कॉपी करतो. एवढं पुरेल का?

उत्तर : नाही. एसक्यूलाइटची फाइल चालू सर्व्हरवरून कॉपी केली आणि त्याच क्षणी कोणी नोंद करत असेल तर अर्धवट फाइल हाती येते. पेन ड्राइव्हवर ती दिसते चांगली, उघडली की तुटलेली निघते. शिवाय कामांना जोडलेली कागदपत्रं डेटाबेसमध्ये नसतात, ती वेगळ्या फोल्डरमध्ये असतात.

विकुन्याचा डंप हा आदेश डेटाबेस, जोडलेल्या फाइल आणि सेटिंग सगळं एका झिपमध्ये बांधून देतो. झिप कुठे ठेवायची तो फोल्डर आदेशातच द्या. तो कंटेनरबाहेर जोडलेला हवा, नाहीतर कंटेनर नव्याने बनवला की झिपही जाते. सेटिंगमध्ये डेटाबेसचा आणि मेलचा पासवर्ड असतो, त्यामुळे ही झिप कुलूपबंद करूनच इमारतीबाहेर न्या. संस्थेच्या दुसऱ्या शाखेत एक प्रत असली की उत्तम.

परत भरताना रिस्टोर आदेश आधीचा सगळा डेटा पुसून मग झिपमधला भरतो, आणि झिप ज्या आवृत्तीत बनली त्याच आवृत्तीत तो चालतो. म्हणून कंपोज फाइलमध्ये लेटेस्ट लिहू नका, नेमका आवृत्ती क्रमांक लिहा आणि झिपच्या नावातही तोच क्रमांक ठेवा. पोस्टग्रेस असेल तर त्यालाही क्रमांक हवाच. १५ चा डेटा १६ आपणहून उघडत नाही, आणि लेटेस्ट लिहिलेलं असलं की एखाद्या सकाळी अपडेटनंतर सर्व्हर सुरूच होत नाही. महिन्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर त्याच आवृत्तीचा विकुन्या बसवून झिप भरून बघा, आणि एखादं जोडलेलं पीडीएफ उघडून खात्री करा. त्या लॅपटॉपवरचा मेलर मात्र बंद ठेवा, नाहीतर सर्व संचालकांना प्रत्येक आठवण दोनदा जाईल.