मराठी संकेतस्थळांची सुगम्यता : यंत्राने दिलेल्या गुणांवर प्रबंध उभा राहील का?

तुमचा प्रश्न मी असा समजले : पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही चाळीस मराठी संकेतस्थळे निवडलीत, प्रत्येकाचे मुखपृष्ठ एका स्वयंचलित साधनाकडून तपासून घेतलेत आणि आलेल्या गुणांची सरासरी काढलीत. मराठी संकेतस्थळे दिव्यांग व्यक्तींना कितपत वापरता येतात, म्हणजे ती कितपत सुगम्य आहेत, हे या सरासरीवरून सांगता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ते सांगता येणार नाही. तरीही केलेले काम टाकून देऊ नका, कारण प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला ते उपयोगी पडेल. फक्त निष्कर्ष म्हणून त्याच्यावर भार टाकू नका. गेली बारा वर्षे मी याच तपासणीचे काम करते आहे आणि सुरुवातीच्या काळात मीही गुणांवर विसंबून अहवाल लिहिले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही, यावर बरेच संशोधन झालेले आहे. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेतील गटाने २०१७ मध्ये एक पान मुद्दाम अडथळ्यांनी भरून तयार केले. त्यात १४२ अडथळे होते. ते पान त्यांनी दहा साधनांना तपासायला दिले, तेव्हा सर्वांत चांगल्या साधनालाही सुमारे ४० टक्केच अडथळे सापडले आणि काही अडथळे तर एकाही साधनाच्या हाती लागले नाहीत. त्याआधी २०१३ मध्ये विगो, ब्राउन आणि कॉनवे यांनी सहा साधनांची तुलना केली होती. सर्वांत व्यापक साधनसुद्धा डब्ल्यूसीएजी २.० (संकेतस्थळांच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे) मधील जेमतेम निम्म्या निकषांना हात घालते, आणि प्रत्यक्षातील उल्लंघनांपैकी १४ ते ३८ टक्केच या साधनांना सापडतात, असे त्यांना आढळले. कारण समजायला अवघड नाही. चित्राला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचून दाखवले जाणारे वर्णन) आहे की नाही एवढे यंत्र सांगू शकते. तो मजकूर चित्राचे काम करतो की नाही, हे त्याला कळत नाही. जिल्हावार पावसाच्या तक्त्याचे चित्र टाकून त्याला ‘बातमीचा फोटो’ असा पर्यायी मजकूर दिला, तर यंत्र समाधानी होते आणि अंध वाचकाच्या हाती एकही आकडा लागत नाही.

जगभरातील दहा लाख मुखपृष्ठांची दरवर्षी होणारी, वेबएम या सुगम्यतेवर काम करणाऱ्या संस्थेची पाहणी तुम्ही वाचली असेल. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के पानांवर यंत्राला ओळखता येतील असे दोष आढळले. या आकड्याचा अर्थ नीट लावायला हवा : उरलेली पाच टक्के पाने निर्दोष आहेत असे तो म्हणत नाही, त्यांच्यात यंत्राला दोष सापडला नाही एवढेच म्हणतो. तुमच्या चाळीस स्थळांबद्दलही तुम्हाला एवढेच म्हणता येईल.

यावर मार्गदर्शक आणि परीक्षक पुढचा प्रश्न विचारतील की यंत्र अपुरे असेल तर तज्ज्ञाने निकषांची संपूर्ण यादी हाताने तपासली की झाले ना? मला स्वतःला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनच्या डिसॅबिलिटी राइट्स कमिशनने २००४ मध्ये दिव्यांग वापरकर्त्यांना बसवून शंभर संकेतस्थळे तपासली, तेव्हा त्यांना आलेल्या अडचणींपैकी ४५ टक्के अडचणी त्या वेळच्या डब्ल्यूसीएजी १.० च्या कोणत्याही मुद्द्याखाली बसत नव्हत्या. २००८ च्या डिसेंबरात २.० ही नवी आवृत्ती आली आणि ही दरी भरून निघेल अशी आशा होती. मग २०१२ मध्ये यॉर्क विद्यापीठातील पॉवर, फ्रेरे, पेट्री आणि स्वॉलो यांनी ३२ अंध वापरकर्त्यांना १६ संकेतस्थळांवर कामे करायला दिली. अडचणींच्या १,३८३ नोंदी झाल्या आणि त्यांपैकी ५०.४ टक्केच २.० च्या निकषांत बसल्या. म्हणजे आठ वर्षांच्या अंतराने, वेगळ्या आवृत्तीवर आणि वेगळ्या पद्धतीने केलेल्या दोन अभ्यासांचा कल एकच निघाला. यावरून निकष निरुपयोगी आहेत असे कृपया लिहू नका. निकष म्हणजे पाया आहे आणि पाया नसेल तर वर काहीच उभे राहत नाही. पण पाया घातला म्हणजे घरात राहता येते असेही नाही.

तज्ज्ञांच्या बाबतीतही सावध राहायला हवे. ब्रायनिक, येसिलादा आणि हार्पर यांनी २२ जाणकार आणि २७ नवशिके परीक्षक घेऊन हे तपासले. एकमेकांशी न बोलता काम केले, तर जाणकारांमध्येही सुमारे निम्म्या निकषांबाबत ८० टक्के एकमत होत नाही, आणि अनुभवी परीक्षकाच्याही नजरेतून ३२ टक्के खरे दोष निसटतात. म्हणून एकट्याने केलेल्या तपासणीला ‘तज्ज्ञ-मूल्यमापन’ म्हणू नका. दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या, मतभेद कुठे झाले ते नोंदवा आणि मगच दोघांनी एकत्र बसून चर्चा करा.

आता मराठीकडे येते. तुमच्या प्रबंधाला स्वतःचे काही सांगण्याची जागा इथे आहे, कारण वर सांगितलेले संशोधन जवळजवळ सगळे इंग्रजी पानांवर झालेले आहे.

पहिली गोष्ट भाषेच्या खुणेची. प्रत्येक पानाच्या मुळाशी त्याची भाषा सांगणारी एक खूण असते आणि ती असणे हा डब्ल्यूसीएजीचा अगदी प्राथमिक, ‘ए’ पातळीचा निकष आहे. मराठी स्थळे बहुधा तयार इंग्रजी साच्यावर उभी केली जातात, त्यामुळे मजकूर मराठी असूनही खूण इंग्रजीचीच राहून जाते. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली) या खुणेवर विश्वास ठेवून आवाज निवडतो. खूण इंग्रजीची असेल, तर काही आवाज देवनागरी मजकूर गाळून पुढे जातात आणि काही तो ओळखू येणार नाही असा वाचतात. खूण हिंदीची असेल, तर वाक्य कळते पण ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील च वेगळे आहेत हे त्या आवाजाला माहीत नसते. स्वयंचलित साधने बहुधा खूण आहे की नाही आणि तिचे रूप वैध आहे की नाही एवढेच पाहतात. खूण आणि मजकूर यांचा मेळ बसतो का, हे सहसा पाहत नाहीत. तुमच्या चाळीस पानांवर हे हाताने तपासायला एक दुपार पुरेल आणि त्यातून मिळणारी माहिती तुमच्या सध्याच्या सरासरीपेक्षा मोलाची असेल.

दुसरी गोष्ट जुन्या फॉन्टांची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीत टंकलेखन होई ते अशा फॉन्टांत, की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची विस्कळीत रांगच असते आणि स्क्रीन रीडर ती रांगच वाचतो. चालू पानांवर हे आता कमी आढळते. जुन्या परिपत्रकांच्या आणि पुस्तिकांच्या पीडीएफ फाइलींत मात्र सर्रास आढळते, आणि त्यात कागद स्कॅन करून टाकलेल्या फाइलींची भर पडते, ज्यांत वाचण्याजोगे अक्षरच नसते. नागरिकाला जे हवे असते ते बहुतेक वेळा याच फाइलींत असते. मुखपृष्ठ तपासून हा सगळा भाग तुमच्या अभ्यासाबाहेर राहिला आहे.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण माझ्या फार आवडीची आहे. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये असा निकष आला की वाचकाने ओळींतील, शब्दांतील आणि अक्षरांतील अंतर ठरावीक प्रमाणात वाढवले, तरी मजकूर कापला जाऊ नये. अल्पदृष्टी असलेल्या आणि वाचनात अडचण येणाऱ्या व्यक्तींना ही सोय उपयोगी पडते. देवनागरीत अक्षरांतील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द एकसंध दिसत नाही. ज्या लिपीत एखादा गुणधर्म वापरला जात नाही तिला त्या गुणधर्मापुरती सूट त्या निकषातच दिलेली आहे, आणि ते योग्यच आहे. पण मग मराठी वाचकाला अक्षरांतील अंतराऐवजी कशाचा उपयोग होईल? ओळींमधील जास्त अंतर, जाड शिरोरेषा, की जोडाक्षरांची सुटी मांडणी? हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. वर रफार आणि खाली उकार असलेल्या ओळी एकमेकींना खेटल्या की अल्पदृष्टीच्या वाचकाचे काय होते, हे वाचकांसोबत बसल्याशिवाय कळणार नाही.

एक अनुभव सांगते. एका शिष्यवृत्तीच्या मराठी अर्जाची तपासणी आमच्याकडे आली होती. यंत्राने शंभरपैकी नव्वदहून अधिक गुण दिले होते. माझे एक अंध सहकारी अर्ज भरायला बसले. त्यांनी जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी भरण्यासाठी पान स्वतःच ताजे होई आणि त्यांना पुन्हा पानाच्या माथ्यावर नेऊन सोडी. तिथून पुन्हा खाली उतरायचे, तालुका निवडायचा, की परत माथ्यावर. पडद्यावर ‘पुढे जा’ असे लिहिलेल्या बटणाला आतून साच्यातले जुने इंग्रजी नाव तसेच राहिले होते, त्यामुळे कानांवर वेगळाच शब्द येत होता. अर्धा तास झगडल्यावर मुदत संपल्याचा संदेश आला आणि भरलेली सगळी माहिती पुसली गेली. ते शांतपणे म्हणाले, “हे मला सवयीचे आहे.” त्या वाक्याने मी आजही अस्वस्थ होते. लझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शंभर अंध वापरकर्त्यांच्या वेळेच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा संगणकावरचा ३०.४ टक्के वेळ अशा वैताग आणणाऱ्या प्रसंगांत वाया जातो असे दिसले. माझ्या सहकाऱ्यांनी ‘सवय’ म्हटले ती हीच.

म्हणून माझी सूचना अशी आहे. चाळीस स्थळांचा पसारा आवरा आणि नागरिकांना खरोखर लागणाऱ्या मराठी सेवांपैकी तीन-चार निवडा. प्रत्येक सेवेसाठी तीन वेगळ्या याद्या तयार करा : यंत्राला सापडलेले दोष, दोन परीक्षकांना सापडलेले दोष आणि वापरकर्त्यांना प्रत्यक्ष आलेल्या अडचणी. तिन्ही याद्यांमध्ये समान काय आहे आणि फक्त तिसऱ्याच यादीत काय आहे, विशेषतः त्यातले मराठीमुळे आलेले काय आहे, हा तुमचा प्रबंध. आठ-दहा सहभागी मिळाले तरी हे काम होऊ शकते, मात्र त्यावरून टक्केवारीचे मोठे दावे करू नका.

सहभागी निवडताना डोळ्यांना पट्टी बांधलेले सहाध्यायी अजिबात घेऊ नका. सिअर्स आणि हॅन्सन यांनी २०११ मध्येच या सवयीबद्दल सावध केले आहे : पट्टी बांधलेल्या डोळस माणसाला स्क्रीन रीडर वापरण्याचे वर्षानुवर्षांचे कौशल्य नसते, त्यामुळे त्याच्या अडचणीही वेगळ्या असतात. सहभागींना त्यांचाच फोन किंवा संगणक आणि त्यांच्याच आवाजाचा वेग वापरू द्या. अनेकांकडे संगणक नसून अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक हाच त्यांचा स्क्रीन रीडर असतो, तेव्हा प्रयोगशाळेतल्या संगणकावर बसवलेत तर तुम्ही त्यांच्या रोजच्या वापराचा अभ्यास करतच नाही. काम करताना मोठ्याने विचार बोलून दाखवायला सांगण्याची पद्धत इथे अडचणीची ठरते, कारण कान आधीच यंत्राचा आवाज ऐकण्यात गुंतलेले असतात. काम संपल्यावर ध्वनिमुद्रण सोबत ऐकत चर्चा करा. अडचण किती गंभीर, हे सहभागी व्यक्तीलाच ठरवू द्या.

एका प्रबंधात सगळे दिव्यांगत्व सामावण्याचा प्रयत्न करू नका, पण तुम्ही काय वगळले ते स्पष्ट लिहा. मॅक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या क्षेत्रातील ८३६ शोधनिबंधांचा आढावा घेतला, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक निबंध अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींविषयीच असल्याचे दिसले. कर्णबधिर वाचकांपैकी अनेकांची पहिली भाषा खुणांची असते आणि लिखित मराठी ही त्यांना नंतर शिकावी लागलेली भाषा असते. शासकीय मराठीतील लांबलचक कर्मणी वाक्ये त्यांना कशी जातात, यावर कोणी काम करणार असेल तर मला फार आनंद होईल. प्रस्तावनेत २०११ च्या जनगणनेतील २.६८ कोटी हा आकडा देणार असाल, तर ती गणना आठ प्रकारांची होती आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकार मानतो, हे त्याच परिच्छेदात नोंदवा.

कायद्याच्या प्रकरणासाठी दोन निकाल पुरेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यामुळे सुगम्यतेची मानके बंधनकारक न राहता केवळ सूचनावजा झाली होती. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. त्या प्रकरणाच्या मुळाशी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना ओळख-पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नाही, हा प्रश्न होता.

सहभागींना मानधन द्या आणि ते संशोधनाच्या अर्जातच लिहून ठेवा. ‘समाजकार्य’ म्हणून त्यांच्याकडून फुकट वेळ मागू नका. संमतिपत्र युनिकोडमध्ये, त्यांना स्वतः वाचता येईल अशा फाइलीत, आदल्या दिवशी पाठवा. मुख्य चाचण्यांआधी एका व्यक्तीसोबत पूर्ण सराव-चाचणी करून पाहा. तुम्ही नेमून दिलेल्या कामांपैकी किमान एक बदलावे लागेल असे मी अनुभवाने सांगते, तेव्हा त्या चाचणीच्या नोंदी अंतिम आकड्यांत धरू नका. कामांचा मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी तो वाचून अभिप्राय देईन.