‘उघडपणे समलैंगिक’: एका वाक्याची डागडुजी

एका वाचकाने आपल्या लेखातलं हे वाक्य पाठवलं आहे: ‘उघडपणे समलैंगिक असलेला, बायकी आवाजाचा सिंथ-पॉप गायक जिमी सोमरव्हिल याने १९८४ साली “संमतीचे युग” या अल्बमद्वारे आपली समलैंगिकता जाहीर केली.’ प्रश्न एवढाच की ‘समलैंगिक’ लिहावं की ‘समलिंगी’?

दोन्ही चालतं. वर्तमानपत्रं अलीकडे ‘समलैंगिक’कडे झुकली आहेत, मराठीत या विषयावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या लिखाणात ‘समलिंगी’ जास्त दिसतो. मला ‘समलिंगी’ बरा वाटतो, कारण तो तोंडात बसतो. एका लेखात एकच वापरा म्हणजे झालं. खरी दुरुस्ती वाक्याच्या बाकीच्या भागात हवी आहे.

आधी ‘उघडपणे’ बघू. ‘-पणे’ लागलेल्या शब्दाला आपल्याकडे क्रियापद लागतं. माणूस उघडपणे बोलतो, उघडपणे विरोध करतो. नुसता ‘उघडपणे समलैंगिक’ म्हणजे ‘उघडपणे उंच’ म्हटल्यासारखं झालं. शिवाय ‘उघड’ या शब्दाचा गोतावळा फारसा चांगला नाही. लफडी उघडकीस येतात, लबाड माणूस उघडा पडतो. ‘खुलेआम’ तर दरोडेखोरांचा. आणि बातम्यांमध्ये सर्रास येणारं ‘कबुली दिली’ त्याहून वाईट, कारण कबुली गुन्ह्याची असते. साधं मराठी असं: ‘तो समलिंगी आहे आणि ते त्याने कधी लपवलं नाही.’ शब्द चार जास्त जातात, जाऊ द्यावेत.

‘जाहीर केली’वर माझा आक्षेप भाषेचा नाही, चरित्राचा आहे. जाहीर करायला आधी काही झाकलेलं असावं लागतं. ‘पेट शॉप बॉइज’ या ब्रिटिश पॉप जोडीचा गायक नील टेनंट याच्याबद्दल हे क्रियापद चपखल बसतं. त्याने १९९४ साली एका मासिकाच्या मुलाखतीत पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, तोवर त्याच्या नावावर दहा वर्षांची कारकीर्द होती. पॉप गायक जॉर्ज मायकेलचं जाहीर होणं १९९८ सालचं. जिमीच्या बाबतीत अशी तारीखच सापडत नाही. १९८३ साली लंडनमध्ये त्याने स्टीव्ह ब्रॉन्स्की आणि लॅरी स्टाइनबाकेक यांच्याबरोबर ‘ब्रॉन्स्की बीट’ हा बँड काढला, तेव्हा तिघेही समलिंगी होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पहिलंच गाणं, ‘स्मॉलटाउन बॉय’, घर सोडून निघालेल्या अशाच मुलाचं. १९८४ साली ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याच्या व्हिडिओत जिमीनेच साकारलेला मुलगा मार खाऊन पोलिसांबरोबर घरी येतो. निघताना बाप त्याच्या हातावर पैसे ठेवतो, पण मुलाने पुढे केलेला हात हातात घेत नाही. नंतर आगगाडी. पहिल्याच गाण्यात हे सांगणाऱ्या माणसाने ‘जाहीर केलं’ असं कशाला म्हणायचं?

आता अल्बमचं नाव. ‘द एज ऑफ कन्सेंट’ म्हणजे ‘संमतीचे युग’ नव्हे हो! इथे ‘एज’ म्हणजे वय. आणि आपल्याकडे यासाठी सव्वाशे वर्षांहून जुना, घासून गुळगुळीत झालेला शब्द तयार आहे: संमतिवय. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे राहिले होते, ते शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तिथे मुद्दा मुलींचं संमतिवय दहावरून बारावर नेण्याचा होता, इथे वेगळा आहे, पण कायद्यातली संज्ञा तीच.

हा शब्द चुकला की अल्बमचा मुद्दाच हरवतो. इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांमधले संबंध १९६७ साली गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले, पण दोघंही एकवीस पूर्ण असतील तरच. स्त्री-पुरुषांसाठी मात्र वय सोळा. जिमी १९६१चा, ग्लासगोचा, आणि स्कॉटलंडला ही सवलत मिळायला १९८० साल उजाडावं लागलं. म्हणजे त्याची अख्खी पौगंडावस्था अशा मुलुखात गेली जिथे कुठल्याच वयाला परवानगी नव्हती. अल्बमच्या आतल्या वेष्टनावर वेगवेगळ्या देशांतली समलिंगी पुरुषांसाठीची संमतिवयं छापली होती, आणि मुखपृष्ठावर होता गुलाबी त्रिकोण, नाझी छळछावण्यांत अशा कैद्यांच्या कपड्यांवर शिवला जाणारा. ब्रिटनमध्ये हे वय १९९४ साली अठरावर आणि २००१ साली सोळावर आलं.

‘बायकी आवाज’ मात्र कृपा करून काढाच. हे वर्णन नाही, टोमणा आहे. आवाज चढा असेल तर मराठीत ‘टिपेचा आवाज’ म्हणतात, तंत्र सांगायचं असेल तर ‘फॉल्सेटो’ (पुरुषाने नेहमीच्या पट्टीच्या वर जाऊन काढलेला हलका आवाज) लिहा. आणि गंमत ऐकायची असेल तर १९८६चं ‘डोंट लीव्ह मी धिस वे’ ऐका. ब्रॉन्स्की बीट सोडून जिमीने रिचर्ड कोल्सबरोबर ‘द कम्युनार्ड्स’ काढला होता, त्यांचं हे गाणं. चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं सिंगल. (कोल्स पुढे चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री झाले.) त्यात सारा जेन मॉरिस खर्जाच्या बाजूला गाते आणि जिमी तिच्या वर, टिपेला. कोणाचा आवाज बायकी म्हणणार?

‘सिंथ-पॉप’ तसंच ठेवलंत ते उत्तम. सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर उभं राहिलेलं पॉप, एवढं एकदा सांगितलं की पुरे. ‘कृत्रिम पॉप’ वगैरे करू नका, कारण त्यातून संगीत नकली असल्याचा वास येतो.

तर वाक्य असं करता येईल: ‘सिंथ-पॉप गायक जिमी समरव्हिल समलिंगी आहे आणि ते त्याने कधीच लपवलं नाही, त्याच्या टिपेच्या आवाजातला “द एज ऑफ कन्सेंट” (संमतिवय) हा ब्रॉन्स्की बीटचा अल्बम १९८४ साली आला.’

आडनावाचा उच्चार ‘समरव्हिल’ असा आहे. स्पेलिंगमधल्या ‘ओ’मुळे ‘सोमरव्हिल’ लिहिलं जातं, तेवढं बदलून घ्या.