बेळगावात कॅफे आहे, दोन ग्रुपची (कॉफी काढायची दोन तोंडं असलेली) एस्प्रेसो मशीन सकाळी 1.2 बार प्रेशर दाखवते पण कॉफी कोमट, आंबट येते, दुपारी ठीक होते. प्रेशरस्टॅट (प्रेशर बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच) बदलू का?

नका बदलू, आधी बॉयलरमधली हवा बाहेर काढून बघा. बेळगाव-खानापूर भागात मशिनी दुरुस्त करत फिरतो, सकाळपुरतीच तक्रार असली की बहुतेक वेळा व्हॅक्यूम ब्रेकरच (मशीन तापताना बॉयलरमधली हवा बाहेर सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) चिकटलेला निघतो. 1.2 बारला बॉयलर साधारण 122-123 डिग्रीवर पाहिजे, पण आत हवा कोंडली की ती गरम होऊन नुसता काटा वर चढवते, प्रेशरस्टॅटला वाटतं झालं काम आणि तो हीटर बंद करतो, पाणी मात्र अजून तेवढं तापलेलंच नसतं. सकाळी काटा वर गेला की स्टीमची तोटी चांगली 10-15 सेकंद उघडी ठेवा, आधी फुसकी हवा येईल आणि काटा धाडकन खाली येईल, मग प्रेशर परत चढू द्या. एवढ्यावर कॉफी सुधारली तर व्हॅक्यूम ब्रेकर काढून साफ करा नाहीतर नवीन घाला, प्रेशरस्टॅटपेक्षा स्वस्तात सुटाल. पण मशीन बंद करून, प्रेशर शून्यावर आल्यावरच हात घाला हं.

व्होल्टेज कमी असलं तर तापायला वेळ लागतो एवढंच (220 चं 190 झालं की हीटरची ताकद पाऊणच राहते), कोमट कॉफीचं खापर त्याच्यावर फोडू नका.

हे सगळं एक बॉयलर आणि हीट एक्स्चेंजरवाल्या (कॉफीचं पाणी बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत तापतं त्या) मशिनीचं सांगितलं. दोनातला एकच ग्रुप थंड असेल तर गोष्ट वेगळी, तिथं बोअरच्या पाण्याचा क्षार नळीत साचला असणार, बघा की.