गोव्यात ऑनलाइन जेवण मागवणं इतकं महाग का झालंय?

प्रश्न अगदी बरोबर आहे, मलाही चीड येते. गेल्या आठवड्यात फोंड्यात पाऊस धो धो कोसळत होता, म्हणून घरबसल्या चिकन शागुती मागवली. हॉटेलच्या काउंटरवर तिचे २२० रुपये, ॲपवर २८५. वर पॅकिंग २५, डिलिव्हरी ४०, प्लॅटफॉर्म फी (म्हणजे ॲप वापरण्याचे पैसे) १२ आणि जीएसटी. हिशेब गेला ३८७ वर! पाव वेगळेच.

खरी मेख त्या २८५ च्या आकड्यात आहे. ॲपवाले हॉटेलकडून प्रत्येक ऑर्डरवर कमिशन कापतात, म्हणून हॉटेलवाले ॲपवरचा भाव आधीच चढवून ठेवतात. त्यामुळे ‘५० टक्के सूट’ बघून हुरळून जाऊ नका, मूळ भाव विचारा. प्लॅटफॉर्म फी २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली, तेव्हा कुणाला जाणवलीही नाही. जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण फीवर मात्र १८ टक्के. आणि एवढं सगळं देऊन भर पावसात घाट चढून येणाऱ्या पोराच्या हातात किती पडतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मी आता सरळ हॉटेलला फोन करते, कामावरून येताना पार्सल उचलते. स्टीलचा डबा घेऊन गेलं की पॅकिंगचेही वाचतात, आणि आमचा हॉटेलवाला रस्सा दोन पळ्या जास्त घालतो. संध्याकाळी भूक लागली तर गाड्यावरचं रस ऑम्लेट (ऑम्लेटवर तिखट रस्सा) आहेच, तिथे फी नाही.