कास-बामणोलीच्या वाटेसाठी जीपला दोन 55 वॅटचे फॉग लॅम्प, छोटा फ्रिज आणि हवेचा कंप्रेसर लावला, तर मूळ अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर) पुरेल का?

पुरेल, पण तिन्ही एकदम आणि इंजिन आयडलवर असताना नाही. 12 व्होल्टवर दोन दिवे सुमारे 9 अँपिअर खातात, फ्रिज 4-5, आणि मोठा कंप्रेसर एकटाच 30 च्या घरात. अल्टरनेटरवर छापलेला आकडा जास्त आरपीएमचा असतो. कासच्या धुक्यात गाडी रांगत असते तेव्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं, आणि हेडलाइट, वायपर, ब्लोअरही त्यावरच.

दिव्यांना बॅटरीपासून स्वतंत्र वायर, 30 अँपिअरचा रिले (छोट्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारा) आणि 15 चा फ्यूज द्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो दिव्यासाठी नसून वायरसाठी असतो: बॅटरी आणि फ्यूजमधल्या तुकड्याला संरक्षण नसतं, तो बॉडीला घासून शॉर्ट झाला की पेटतो. कंप्रेसर थेट बॅटरीवर, इंजिन चालू ठेवूनच.

मग सगळं चालू करून मल्टिमीटर बॅटरीला लावा. 13.5 व्होल्टच्या वर ठीक, 12.8 च्या खाली गेलं तर बॅटरी रिकामी होतेय, काहीतरी बंद करा.

मात्र निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असलेल्या नव्या गाडीत अर्थिंग टर्मिनलला नको, चॅसिसला द्या. नाहीतर हा लोड सेन्सरच्या हिशेबातच येत नाही.